डावणीचं चित्र

द्राक्षाच्या पानावर डावणीची बुरशी कशी पसरते, त्याचं शास्त्रातलं गणित घेऊन योगिनीनं एक प्रोग्राम लिहिला होता. बटण दाबलं की स्क्रीनवर पान उमटायचं आणि त्यावर पिवळे डाग आपोआप वाढत जायचे. दर वेळी नवं चित्र. नाशिकला कॉलेजात सगळ्यांनी वाहवा केली. सुट्टीत सायखेड्याला आल्यावर तिनं मोठ्या तोऱ्यात लॅपटॉप वडिलांपुढं ठेवला.

गोरक्षअण्णांनी क्षणभर पाहिलं. "खोटं हाय," म्हणाले.

"अण्णा, गणित आहे ते!"

"असंल. पण डावणी अशी कुठंबी उगवत नाय. पानावर पान पडतं, दव उशिरा वाळतं, तिथं ती आधी धरते."

योगिनीचं डोकं तडकलं. तीस वर्षं बाग केली म्हणून काय कोडमध्येही नाक खुपसायचं? तरी त्यांना खोटं पाडायचंच, म्हणून तिनं प्रोग्राममध्ये दव घातलं. सावलीत जास्त, उन्हात कमी. पुन्हा बटण दाबलं. या वेळी डाग दबकत, तेलाच्या थेंबासारखे पसरले. आधीचं चित्र त्यापुढं शाळेतल्या तक्त्यासारखं दिसायला लागलं. तिनं लॅपटॉप पुन्हा अण्णांकडं वळवला.

अण्णा मात्र उठले आणि चपला शोधू लागले.

"कुठं निघालात? आवडलं नाही का?"

"लय खरं झालंय," अण्णा म्हणाले. "असाच डाग सकाळी बागेत तिसऱ्या ओळीत दिसला व्हता. मी धूळ समजून सोडला."