सुमिए-सानकडे तिघांसाठी जागा

डोंगरातल्या त्या गावात पांथस्थांना दारू आणि गरम जेवण देणारी एक जुनी इझाकाया होती, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे. आताच्या मालकीणबाई सुमिए-सान सत्तरी ओलांडलेल्या. वैभवीने इचिकावातल्या आपल्या घरून फोन केला तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं, "गेल्या वर्षीसारखे तिघंच ना?" आणि वैभवी हो म्हणून बसली.

बाबा जूनमध्ये पुण्यात वारले, हे फोनवर सांगायला तोंडच उघडेना. ते समोर बसून सांगायचं म्हणून ती नवऱ्याला, रणजितला, घेऊन आली होती.

"मी सांगू का?" त्याने दारात विचारलं.

"नको. माझे बाबा आहेत."

आत, जमिनीतल्या चुलीभोवती तीन पानं मांडलेली. मधल्या पानाशी साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, सुरईत जवाचा गरम चहा. बाबा, म्हणजे मोरेश्वरराव, दारूला शिवत नसत. पण इथे आपला पेला शेजाऱ्याने भरायचा, हा रिवाज त्यांना भलताच आवडला होता. गेल्या वर्षी नुसत्या चहावर ते असे रंगले की गावच्या शेतकऱ्यांना त्यांनी दोन नाट्यपदं ऐकवली.

"बाबा मागून येतायत?" सुमिए-साननी सुरई उचलली.

"नाही. ते गेले. जूनमध्ये."

सुमिए-साननी मधला पेला काठोकाठ भरला. पलीकडचे दोन म्हातारे आपापले पेले घेऊन न बोलावता येऊन बसले. गेलेल्या माणसासाठी इथे पेल्याला पेला लावत नाहीत. सगळ्यांनी नुसते उचलले आणि प्यायले.

"ते मुळ्याचं लोणचं आणा," एक म्हातारा म्हणाला. "त्यांच्यासाठी मी मुद्दाम घातलेलं."

"बाबांसाठी?" वैभवीला कळेना.

"गेल्या वर्षी ते तुमच्या भाषेत काहीतरी बोलले आणि तू आम्हाला सांगितलंस, फार चविष्ट आहे म्हणतात," सुमिए-सान म्हणाल्या. "आम्ही त्यांचं तोंड बघितलं होतं, बाई."

रणजितला हसू आवरेना. "मिठागर आहे नुसतं, असं म्हणाले होते."

"म्हणून यंदा मीठ कमी," सुमिए-सान म्हणाल्या. "आता खरं सांग."

वैभवीने फोड चावली. चौघं तिच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबांनी मुळीच भीड धरली नसती.

"अजून खारटच आहे."

सुमिए-सान मांडीवर थाप मारून हसल्या. "तरी मी सांगत होते याला! मूठ केवढी याची, बघ."

"बरं, आणखी कमी घालतो," तो म्हातारा कुरकुरला. "पण पुढच्या वर्षी चाखणार कोण?"

"मी," वैभवी म्हणाली आणि तिने दुसरी फोड उचलली.