लव्हॉनची नवी बारा बोअर

गेलनच्या दुकानात लव्हॉनने ती पंप बंदूक खांद्याला लावून पाहिली आणि तिचा चेहरा असा उजळला की तिच्या नवऱ्याला, मायलोला, पुढचं बोलणं जड गेलं.

"यात वीस बोअरची नाही का?" तरी त्याने गेलनला विचारलंच.

"होती. ऑगस्टातच गेली. आता नवी येईल ती नोव्हेंबरात."

"नोव्हेंबरात काय करू? बर्फ मारू?" लव्हॉन म्हणाली. "चाळीस वर्षं बाबांची ती वीसची दुनळी वापरली. डेल्मर दर हंगामाला विचारतो, 'ताई, तुझे फटाके आणलेस का?' आता दुनळीचा सांधाच ढिला झालाय. यंदा बारा बोअरच घेणार. कागद आण गेलन, कुठे सही करायची?"

बंदूक तिची, पैसे तिचे. पण मायलोच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

मायलो ह्रुश्का एकोणसत्तर वर्षांचा. साउथ डाकोटातल्या त्या लहानशा गावात एकतीस वर्षं तो मुलांना बंदूक सांभाळायला शिकवत आला होता. शिकारीचा परवाना काढण्याआधी गावातलं प्रत्येक मूल त्याच्या वर्गात बसलेलं. वर्गात एक धडा तो कधीच घाईत शिकवत नसे. तो मुलांना सांगे, बोअरचा आकडा मोठा तशी नळी बारीक. म्हणजे वीसचं काडतूस बाराच्या काडतुसापेक्षा लहान. ते चुकून बाराच्या बंदुकीत गेलं, तर मागे थांबत नाही. घसरतं, आणि वीतभर आत जाऊन नळीत अडकून बसतं. चाप ओढला की नुसतं 'टक' वाजतं. माणसाला वाटतं, भरायलाच विसरलो. तो दुसरं काडतूस भरतो. हे बाराचं असतं, नीट बसतं. तो पुन्हा चाप ओढतो.

इथे मायलो थांबे आणि फडक्यात गुंडाळलेली एक नळी टेबलावर ठेवी. सोललेल्या केळ्यासारखी फाटलेली. ज्याची ती होती त्याचं नाव तो सांगत नसे. फक्त एवढं सांगे, की नळीखाली असतो तो हात त्या माणसाला राहिला नाही. वीसची काडतुसं मुद्दाम पिवळी करतात ती यासाठीच. बाराची लाल असोत, हिरवी असोत, काळी असोत. पिवळं दिसलं की थांबायचं.

आणि लव्हॉनच्या घरात, गाडीत, कोटात, सगळीकडे चाळीस वर्षांची पिवळी काडतुसं पडलेली होती. दुनळी मधोमध मोडून उघडते, दोन्ही काडतुसांची बुडं समोर दिसतात. पंप बंदूक सगळं पोटात घेते. पुढची मूठ मागे-पुढे केली की एक बाहेर उडतं, दुसरं आत बसतं. डोळ्यांना काही कळायच्या आत.

गुरुवारी दुपारी लव्हॉनने अंगणात कोट झटकला. कॉफीचा रिकामा डबा पिवळ्या काडतुसांनी भरला.

"अस्तराच्या आतले खिसे पाहिलेस?" मायलोने दारातून विचारलं.

"पाहिले."

"मागची झोळी? पक्षी टाकतेस ती?"

"उलटी करून पाहिली. त्यात एक पीस निघालं. ते पण दाखवू?"

"गाडीचा कप्पा..."

"मायलो, मी तुझ्या वर्गातली सातवीची पोरगी नाही."

तिने डबा शेजारच्या बाईच्या मुलीला देऊन टाकला. तिच्याकडे वीस बोअर होती. मायलोने तरी रात्री जेवताना पुन्हा एकदा विचारलंच. लव्हॉनने बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

शनिवारी हंगाम उघडला. डेल्मर, म्हणजे लव्हॉनचा धाकटा भाऊ, प्लमचे कोलाचे, म्हणजे गोड भरलेले पाव, खात गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर बसला होता. टिली कुत्री गवताकडे बघत थरथरत होती. दहा वाजले तशी तिघांनी ओळ धरली. एका टोकाला डेल्मर, मध्ये लव्हॉन, दुसऱ्या टोकाला मायलो. दोघांमध्ये तीस-तीस पावलं. कमरेएवढं गवत, डावीकडे उभा मका.

मायलोने ठरवलं होतं की आज बोलायचं नाही. ते पन्नास पावलंही टिकलं नाही.

"लव्हॉन, सुरक्षेचा खटका लावलायस ना?"

"लव्हॉन, नळी वर धर."

"लव्हॉन, पुढे जाऊ नकोस, ओळीत ये."

पहिल्या तीन वेळा तिने मान वळवली. पुढे वळवायचं सोडून दिलं.

"मास्तर," पलीकडून डेल्मर ओरडला, "हजेरी घेताय का? मी पण हजर आहे."

मग टिलीने फेझंटचा, म्हणजे लांब शेपटीच्या रानपक्ष्याचा, एक कोंबडा उठवला. तो लांब उठला, दुनळीच्या आवाक्याबाहेर. लव्हॉनने दोन बार फुकट घालवले आणि तिसऱ्याला तो पाडला. एरवी शांत असणारी बाई मोठ्याने हसली. गवताची ती पट्टी संपेपर्यंत तिने बरेच बार केले, आणखी एक कोंबडा मिळवला, आणि खिसे चाचपत मायलोकडे आली.

"माझी संपली. तुझ्याकडे असतील तर दे."

मायलोच्या खांद्याला कॅनव्हासची जुनी पिशवी होती. त्याच्या बारा बोअरची जादा काडतुसं, दोरी, पाण्याची बाटली, टिलीची बिस्किटं, सगळं तिच्यात. टिली तेवढ्यात पाणगवताच्या कडेला जाऊन पक्ष्याचा वास लागल्यासारखी ताठ उभी राहिली. शेपटी हलेना.

"थांब टिली. थांब," मायलो हळूच म्हणाला आणि नजर कुत्रीवर ठेवून पिशवीत हात घातला. मूठभर काडतुसं काढून लव्हॉनच्या ओंजळीत दिली. हातमोजे घातलेलेच होते. लव्हॉनचीही नजर टिलीवर. तिने एक काडतूस बंदुकीच्या उघड्या खिडकीत टाकलं, मूठ पुढे सारून ती बंद केली, बाकीची पोटात ढकलली आणि घाईने आपल्या जागी गेली.

ओळ पुढे सरकली. दहा पावलं. वीस.

लव्हॉनच्या पायाशी गवत फुटलं आणि एक कोंबडा कर्कश ओरडत वर गेला. तिने नळी नेमकी त्याच्यापुढे नेली. मायलोला वाटलं, हा पडलाच.

टक.

आवाज बारीक होता. हवा पडलेली होती म्हणूनच तो इथवर आला. नळीने झटका दिला नाही. लव्हॉन पुटपुटली, तिचा डावा हात मागे गेला, पुढे आला. नव्या बंदुकीची मूठ गुळगुळीत चालली. कोंबडा मक्यावरून निघून गेला.

मायलो जागीच उभा राहिला. काहीतरी चुकलं होतं आणि ते काय ते त्याच्या डोळ्यांनी मनाच्या आधी पाहिलं होतं. मूठ मागे ओढली की काडतूस बाहेर पडतं. उडालेलं असो, न उडालेलं असो, बाहेर पडतंच. बंदुकीच्या खिडकीतून काहीही पडलं नव्हतं. आणि तिने एक काडतूस आत टाकलेलं त्याने स्वतः पाहिलं होतं.

म्हणजे ते आत होतं. पुढे. आणि आता त्याच्या मागे दुसरं बसलं होतं.

"लव्हॉन, थांब."

तिने वळून पाहिलं नाही. सकाळपासून अशा दहा हाका तिने ऐकल्या होत्या.

"लव्हॉन! बंदूक खाली कर!"

तिने खांदा उडवला, नुसता. टिली पुन्हा ताठ झाली होती, लव्हॉनच्या पुढे पाच पावलांवर. तीस पावलं धावायला किती वेळ लागतो हे मायलोला कळत होतं, आणि पक्षी उठायला किती लागतो हेही. त्याचे गुडघे पळण्याजोगे राहिले नव्हते. तरी तो दोन पावलं पळाला.

टिलीने झेप घेतली. दुसरा कोंबडा उठला. मोठा, तांबूस, लांबलचक शेपटीचा. उन्हात त्याच्या गळ्याचा पांढरा पट्टासुद्धा दिसला. लव्हॉनची बंदूक खांद्याला गेली. डावा हात नळीखाली. गाल दस्त्यावर.

"कोंबडी!" मायलो ओरडला.

त्या मुलखात कोंबडी मारायची नसते. फक्त कोंबडा. मादी उठलेली ज्याला दिसते त्याने ओरडायचं, आणि ऐकणाऱ्याने का-कसं न विचारता बोट काढून घ्यायचं. बंदूक हातात येण्याआधीच पोरांच्या कानात ती हाक बसलेली असते. म्हणून तिथे गंमत म्हणूनही कुणी ती खोटी मारत नाही.

"कोंबडी!" डेल्मरही पलीकडून ओरडला, निव्वळ सवयीने.

लव्हॉनचं बोट चापावरून निघालं. नळी आभाळाकडे गेली. कोंबडा तिच्या डोक्यावरून, सगळी शेपटी मिरवत, निवांत निघून गेला.

मग डेल्मर हसायला लागला.

"कोंबडी? मास्तर, दोन हात शेपूट होतं त्या बाईला."

"मायलो," लव्हॉन वळली. चेहरा लाल झाला होता. "तुला माझी बंदूक आवडत नाही, ठीक आहे. पण आता तू खोटं ओरडणार?"

"खटका लाव," मायलो म्हणाला. धाप लागल्यामुळे शब्द तुटत होते. "बोट बाहेर. नळी तशीच वर ठेव."

"पुरे झालं तुझं."

"मघाशी टक वाजलं. तू मूठ ओढलीस. बाहेर काय पडलं?"

लव्हॉनने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती पायाशी पाहू लागली. गवत, मोडलेली काडी, टिलीच्या पायांचे ठसे. तिचा राग चेहऱ्यावरून उतरताना दिसला आणि त्याच्याखालून दुसरंच काही वर आलं. तिने खटका लावला. अगदी सावकाश, काचेचं भांडं धरावं तसं.

मूठ मागे ओढल्यावर एक लाल काडतूस गवतात पडलं. पोटातली उरलेलीही तिने एकेक काढली. सगळी लाल. डेल्मर आला तेव्हा तो हसत नव्हता. त्याने बंदुकीची पुढची टोपी, नळी धरून ठेवते ती, फिरवून नळी सुटी केली आणि एक डोळा मिटून आभाळाकडे धरली.

"उजेड दिसत नाही," तो म्हणाला.

मायलोने विलोच्या झुडपाची एक सरळ काडी तोडली आणि पुढच्या तोंडातून आत सारली. ती अडली. त्याने तळव्याने हळू दाब दिला. डेल्मरच्या हातात एक पिवळं काडतूस पडलं.

"ताई," डेल्मर हळू आवाजात म्हणाला, "कोट नीट झटकला नव्हतास?"

"झटकला होता." लव्हॉनने कोटाचे खिसे बाहेर ओढले. एक, मग दुसरा. अस्तराच्या आत हात घातला. "मी सगळं पाहिलं होतं. मला वाटलं मी सगळं पाहिलं."

"होतं असं. वय झालं की..." डेल्मर म्हणाला.

मायलोने ऐकलं. त्या क्षणी तो गप्प राहिला असता तर कुणाला काही कळलं नसतं. लव्हॉनने स्वतःलाच दोष दिला असता आणि बारा बोअर गेलनला परत केली असती. सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं. पिशवी त्याच्या खांद्यावर होती. ती त्याला जड वाटत होती.

त्याने ती काढून गवतात उलटी केली. बाटली, दोरी, बिस्किटं, बरीचशी लाल काडतुसं. आणि त्यात तीन पिवळी. गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी, तिला कमी पडू नयेत म्हणून त्यानेच बाळगलेली.

"तुझ्या कोटात काही नव्हतं," तो म्हणाला. "हे मी दिलं. न बघता."

डेल्मरने मान खाली घातली आणि टिलीच्या कानामागे खाजवू लागला.

लव्हॉनने त्या तीन काडतुसांकडे पाहिलं.

"दुसऱ्या कुणी दिली असती तर मी पाहिली असती," ती म्हणाली. "तू दिलीस म्हणून पाहिली नाहीत."

मायलो तिच्या डाव्या हाताकडे पाहत होता. तिने हातमोजा काढला होता आणि बोटं थंडीने लाल झाली होती. पाचही.

"घरी जाऊया?" त्याने विचारलं.

"नाही. अजून एक पट्टी आहे." तिने डेल्मरकडून नळी घेतली, स्वतः आरपार पाहिली, बसवली, टोपी घट्ट केली. मग गवतातून एक काडतूस उचललं आणि मायलोच्या तोंडासमोर धरलं.

"रंग?"

"लाल," मायलो म्हणाला.

तिने ते आत घातलं आणि दुसरं वर धरलं.

"लाल."

असं पाच वेळा. डेल्मर शेजारीच उभा होता, पण एकदाही हसला नाही. मग तिघे आपापल्या जागी गेले. त्या पट्टीत मायलोने एकही हाक मारली नाही, आणि लव्हॉनने दोनदा मागे वळून तो ओळीत आहे ना ते पाहिलं.