बिनसुईच्या चिमट्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. चुलीतला निखारा उचलणारा नव्हे, बोटाला लावायचा. माझ्या तोंडात बोट घातलं की आत लाल दिवा लागतो आणि अंगात रक्त किती आहे याचा आकडा माझ्या पाठीवर उमटतो. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही, 'आई गं' नाही. जुना म्हणजे तरी किती, तीन वर्षांचा. पण एका माणसावर डूख धरायला तेवढं वय पुरतं. त्या माणसाचं नाव उदयसिंग साहेब. त्यांच्यावर मी सूड कसा उगवला तेच आज सांगणार आहे, आणि सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या शहरात, थंडगार हवेच्या खोलीत झाला. तिथे माझी परीक्षा घेतली ती खुर्चीत बसून काम करणाऱ्या मंडळींच्या बोटांवर. मऊ, स्वच्छ, वासाच्या साबणानं धुतलेली बोटं! शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा माझा आकडा बरोबर आला. टाळ्या वाजल्या. उदयसिंग साहेब या कामाचे प्रमुख. त्यांनी मला तळहातावर घेऊन फोटो काढला. वर्षभर एखाद्या खेड्यात चालवून बघायचं, जमलं तर सगळ्या वाशिम जिल्ह्यात गावोगाव द्यायचं, असं ठरलं.

मी आलो मेडशीच्या पलीकडच्या एका लहानशा गावात, गावची आरोग्यसेविका, म्हणजे 'आशाताई', सुकेशनी हिच्या पिशवीत. ती मला रुमालात गुंडाळून ठेवायची. पावसाळ्यात माझं काम झकास चाललं. सोयाबीनच्या दिवसांतही ठीक होतं. सुईला भिऊन मागच्या दारानं पळणाऱ्या बाया आता आपण होऊन बोट पुढे करायच्या. म्हाताऱ्या चंपाबाई तर मला बघून म्हणायच्या, "लय गुणाचं लेकरू आहे, चावत नाही!" मी फुगून जायचो.

मग फेब्रुवारीत हळद निघाली.

आमच्या भागात हळद खणायची, शिजवायची, वाळवायची आणि घोळून साफ करायची. बायांची बोटं महिना-दीड महिना पिवळीधमक असतात. तीनदा साबण लावला तरी नखांच्या कडेचा रंग जात नाही. त्या पिवळ्या कातडीतून माझा दिवा नीट पलीकडे जाईना. मी चुकू लागलो. आणि चुकलो तो नेहमी एकाच बाजूला, आकडा वाढवून. हे मला तेव्हा कळलं नाही. शपथ घेऊन सांगतो, कळलं नाही.

गावातल्या अंजूला आठवा महिना होता. ती शिजलेली हळद पसरवायच्या कामावरून थेट आली. ओठ पांढरे पडलेले.

"ताई, मले लय चकरा येऊन राह्यल्या."

सुकेशनीनं मला लावलं. मी ऐटीत दाखवलं, अकरा पॉइंट दोन.

"रक्त तर चांगलं आहे तुयं," सुकेशनी म्हणाली. "उनामुळं होत असन. जरा आराम कर."

अंजूच्या अंगात तेव्हा सहाच होतं. पंधरा दिवसांनी कळा सुरू झाल्या आणि तिला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं. रक्ताच्या चार पिशव्या चढवल्या. अंजू वाचली. तिची मुलगी वाचली नाही.

सुकेशनी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि हळदीच्या कामावरच्या एक्केचाळीस बाया नर्सबाईंकडे घेऊन गेली. प्रत्येकीला आधी मी लागलो, मग सुई. दोन्ही आकडे तिनं वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि कडेला एकच शब्द लिहिला, हळद. वही घेऊन ती साहेबांसमोर उभी राहिली.

साहेबांनी वही चाळली आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळींवर काट मारली.

"असे आकडे घेतले तर सगळा तक्ता बिघडतो. तुम्हाला चिमटा नीट लावता येत नाही. त्या बाईच्या वेळीही तुमच्याच हातून चूक झाली, असं मी लिहून देणार आहे."

"साहेब, कायले खोटं लिहून राह्यले? हे चिमटे गावोगाव गेले अन् सुया बंद झाल्या तर किती अंजू मरतीन?"

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'चिमटा जिल्हाभर देण्यास सज्ज.' त्या दिवशी मी त्यांच्यावर डूख धरला. माझी चूक माझी होती. ती त्यांनी सुकेशनीच्या पदरात घातली.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वाशिमला मोठी बैठक भरली. तपासणी समिती आली होती. मंजुरी मिळाली की माझी हजारभर भावंडं जिल्हाभर निघणार होती. सुकेशनीला मला घेऊन बोलावलं होतं. सोबत अंजू आली. हळदीचे दिवस होते, हात पिवळे होते.

"कोणीही एका ताईनं पुढे यावं," साहेब हसून म्हणाले.

अंजू उठली. साहेबांना ती ओळखू आली नाही. त्यांनी मला तिच्या बोटाला लावलं आणि मला ते बोट ओळखू आलं.

माझी बॅटरी संपत आली होती. कोणत्याही क्षणी डोळे मिटले असते. पण मी दात-ओठ खाऊन तग धरला. आज मला मरायचं नव्हतं, आज मला चुकायचं होतं, भर सभेत, साहेबांच्या हातात! मी ठसठशीत आकडा दाखवला, अकरा पॉइंट चार.

"बघा, रक्त उत्तम," साहेब म्हणाले.

"आता सुईनं बी पाहा," अंजू म्हणाली.

समितीच्या बाईंनी मान डोलावली. सुई टोचली. आठ पॉइंट एक.

"मागच्या साली बी यानं मले अकराच सांगतलं होतं, साहेब," अंजू म्हणाली. "माही पोरगी गेली तवा."

सुकेशनीनं वही उघडून समितीपुढे ठेवली. बाईंनी काट मारलेल्या ओळी एकेक करून मोठ्यानं वाचल्या, पूर्ण एक्केचाळीस. साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. इतकं गोड दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. मंजुरी फेटाळली गेली, सुकेशनीवरचा ठपका पुसला गेला आणि साहेबांकडून काम काढून घेतलं. मीही कामातून गेलो. त्याचं मला दुःख नाही.

आता मी गावच्या शाळेत, विज्ञानाच्या कपाटात असतो. मित्रांनो, कोणी नवं यंत्र घेऊन आलं आणि म्हणालं, हे सगळ्यांना द्यायला तयार आहे, तर एवढंच विचारा, कोणाच्या बोटावर तपासलं? उदयसिंग साहेबांना मी माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. तुम्ही गंमत म्हणून माझ्या तोंडात बोट घालाल, मी आकडाही दाखवीन. तो सोडून द्या. सुकेशनीताईकडे जा आणि हात पुढे करा. सुई टोचेल, रडू आलं तर रडा. अंजूच्या बोटाला ती सुई वेळेवर लागली नाही, ती माझ्यामुळे.