अण्णांच्या मूडची सरासरी

माधव गुप्ते आकडे गाळायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याला पगार त्याचाच मिळायचा. बंदराजवळच्या एका ऑफिसात समुद्राची पातळी टिपणारं यंत्र होतं. शेजारून एखादी लाँच गेली, की त्याची सुई टुणकन वर उडायची आणि भरती नसताना कागदावर भरती उठायची. म्हणून कुठलाच आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन धरून पाचांची सरासरी काढायची, मग एक घर पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. लाँचच्या लाटा विरून जायच्या, खरी भरती तेवढी उरायची. साहेब याला फिल्टर म्हणत, कारकून मंडळी गाळणी. माधवला हे काम मनापासून आवडे. त्याला माझी काही हरकत नाही. फक्त माणसानं गाळणी ऑफिसात ठेवून घरी यावं.

घर गिरगावात, आणि बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, अण्णा प्रधान. कस्टममधून रिटायर झालेले, आवाज मात्र अजून धक्क्यावरचा. त्यांच्या उर्मिलाचं आणि माधवचं जमलं होतं. अडलं होतं ते अण्णांना विचारण्यापाशी.

"अण्णांचा मूड बघून विचार," उर्मिला म्हणाली.

दुसरा कोणी असता तर त्यानं अण्णांच्या तोंडाकडे बघून विचारून टाकलं असतं. माधवनं मोजायला सुरुवात केली.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. अण्णांचे डोळे अधू झालेले, म्हणून रोज संध्याकाळी माधव वर जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवी. दिल्लीची बातमी वाईट असली की अण्णा काठी आपटत. सभेला गर्दी लोटली असली की चिवड्याची बशी पुढे येई. जिना उतरताना माधव मनातल्या मनात मूडला दहापैकी गुण देई आणि शेवटच्या पाच दिवसांची सरासरी काढी. सरासरी सातावर गेली की विचारायचं, असा बेत होता.

निवडणुकीच्या निकालाच्या आदल्या दिवशी अण्णांना घोर लागलेला. गुण दोन. दुसऱ्या दिवशी समितीची माणसं निवडून आली आणि अण्णा जिन्यात भेटेल त्याला पेढे भरवत सुटले. माधवचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "माधवा, आज काय हवं ते माग! आज मी नाही म्हणणार नाही!"

त्यांच्या पाठीमागे उर्मिला डोळे वटारून, मान हलवून, हातवारे करून खुणावत होती. माधवनं अण्णांना दहापैकी दहा दिले. मग सरासरी काढली. जेमतेम साडेपाच! 'लाँच गेली वाटतं,' तो मनाशी म्हणाला आणि त्यानं अण्णांकडे आणखी एक पेढा मागितला.

आता अशा माणसाला काय म्हणावं?

पुढे सरासरी रोज थोडी थोडी चढत गेली. ती सातावर टेकली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी माधव भांग पाडून वर गेला, तर अण्णा काठीवर हनुवटी टेकून फुरंगटून बसलेले. गुण फार तर तीन. माधवची छाती होईना. त्यानं पेपर उघडला आणि टेंडरच्या नोटिशींपर्यंत सगळा वाचून काढला.

"झालं? एवढंच?" अण्णा गुरगुरले.

"एवढंच," म्हणून माधव खाली आला.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या वसंतानं हे ऐकून कपाळाला हात लावला. "अरे, आपल्याकडे समुद्र आधीच येऊन गेलेला असतो. पुढचे आकडे हातात असतात. अण्णांचा उद्या तुझ्या हातात आहे का? तुझी गाळणी मागेच राहणार रे. भरती ओसरल्यावर तुला भरती दिसते."

माधवला हे पटलं. इतकं पटलं, की त्यानं पाचाऐवजी सात दिवसांची सरासरी धरली. त्यानं तर ती आणखीच मागे पडली.

आणि मूड घसरतच गेला. बातमी चांगली असो की वाईट, अण्णा माधवला बघितलं की तोंड फिरवत. चिवडा बंद झाला. माधव मनातल्या मनात दिल्लीला शिव्या घालत राहिला.

शेवटी उर्मिलानं त्याला जिन्यात अडवलं. "रविवारी भायखळ्याहून माणसं येताहेत, मला बघायला. घाल तुझी सरासरी चुलीत."

हिच्यावाचून आपलं कसं होणार, एवढाच विचार माधवच्या डोक्यात उरला. तो तसाच धडधडत वर गेला. अण्णांच्या कपाळावर आठ्यांचं जाळं. शून्य, स्वच्छ शून्य.

"अण्णा, मला उर्मिलाशी लग्न करायचंय!"

काठी जमिनीवर अशी आपटली की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले.

"गाढवा! इतके दिवस काय झोपला होतास? हिनं मला निवडणुकीच्या आधीच सांगितलंय. मीच म्हटलं, त्याचं त्याला विचारू दे, बघू पोराची हिंमत. काय हवं ते माग म्हटलं, तर पेढा मागतोस? रोज येतोस, माझ्या तोंडाकडे टक लावून बघतोस, टेंडरं वाचतोस आणि जातोस! मला वाटलं, पोरगा फिरला. माझं डोकं दिल्लीमुळे फिरलंय असं वाटत होतं तुला?"

माधवला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तो कसाबसा पुटपुटला, "पण ती रविवारची भायखळ्याची माणसं?"

"कसली माणसं?" अण्णांनी विचारलं.

उर्मिला छताकडे बघत होती.

"बरं, ते असो," अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतः चिवड्याचा डबा काढला. "लग्न कधी करायचं म्हणतोस?"

माधवनं डोळे मिटले. त्याचे ओठ हलायला लागले, बोटं पेरांवरून फिरायला लागली. ते बघून उर्मिला घाईघाईनं पुढे आली आणि तिनंच तारीख सांगून टाकली.