काल्यातली भाकर

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, निघोज्याच्या देवळात काल्याचे कीर्तन झाले, की बुवा माझ्यात दही-लाह्या कालवीत आणि सगळ्यांना वाढून मग स्वतः खात. त्या अभंगांचे सूर अजून माझ्या अंगात आहेत. काठावर टिचकी मारून बघा.

पुढे गावाभोवती कंपन्या आल्या, देवळात स्टीलची पातेली आली. माझी कल्हई उडाली, दही कळकू लागले, आणि मी माळ्यावर पालथी पडले. अंगणवाडीच्या मदतनीस शालनबाईंनी मला खाली काढले, चिंचेने घासले, कल्हई करून आणली. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

यंदा गोपाळकाल्याच्या सुट्टीआधी अंगणवाडीतल्या मुलांचा काला माझ्यातच झाला. मुलांनी घरून लाह्या, डाळिंबाचे दाणे, पेरूच्या फोडी आणल्या. अंगणवाडीच्या सेविका तेजस्विनीताईंनी घाईत सगळेच डबे माझ्यात ओतले. त्यात विजयश्रीचाही गेला. ती नुकतीच परभणीकडून आलेली. अंगणवाडीत आज काला आहे, हे तिच्या घरी कुणाला ठाऊकच नव्हते. कंपनीत शिफ्टला जाण्याआधी तिच्या आईने, दीपमालाने, तिला खायला ज्वारीची भाकरी दिली होती. ती दह्यात कुस्करलीही गेली.

रिकामा डबा पुढे करून विजयश्री म्हणाली, "माझ्या आईची भाकर द्या."

ताई ओशाळल्या. दुसरी आणून देते म्हणाल्या. पण तिला दुसरी नको होती. मुले हसली. तिचे डोळे भरले. माझ्यापुढून आजवर कुणी रडत गेले नव्हते. आज हे लेकरू तसे जाणार की काय?

तेवढ्यात थोडा काला चाखलेल्या प्रज्वलने रिकामा द्रोण पुढे केला. "मावशी, ह्यात खरपूस काय हाय? मला आजून पायजे."

"विजूच्या आईची भाकर हाय ती," शालनबाई म्हणाल्या. "तिलाच इचार, देती का."

विजयश्रीने फ्रॉकला नाक पुसले. पळी घेतली. प्रत्येकाच्या द्रोणात भाकरीचा तुकडा आला का, हे वाकून बघत तिने सगळ्यांना वाढले. स्वतः शेवटी खाल्ले, अगदी आमच्या बुवांसारखे.

शिफ्ट सुटल्यावर दमलेली दीपमाला न्यायला आली. गावात तिची अजून कुणाशी ओळख नव्हती. लेक दारातच म्हणाली, "आई, तुझी भाकर समद्यांनी खाल्ली. मीच वाढली."

शालनबाई मला घासत होत्या. दीपमालाने पदर खोचला आणि मला धुवायला घेतले.

मित्रांनो, घरात एखादी परात पालथी पडली असेल, तर तिला उजेडात आणा, कल्हई करा. आणि पुढच्या काल्याला वर्गात कुणी नवे आले असेल, तर पळी आधी त्याच्या हातात द्या.