गोधडीखालचा हात

चैत्रातल्या कोरड्या सकाळी, ऊन अजून पांझरा नदीच्या वाळूवर टेकलेलं नसताना, आमच्या अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या गुडघ्यावर मोडल्याचा आवाज येई. कट्, कट्, आणि त्यामागून बांगड्यांची किणकिण. काशी, माझी बायको, चूल पेटवते आहे, एवढाच त्या आवाजाचा अर्थ मी वीस वर्षं लावला. तो ऐकत मी पागोटं बांधी आणि धुळ्याच्या बैलबाजाराकडे निघे.

मी दलाल, आणि माझं सारं शहाणपण उजव्या हातात होतं. बैलांच्या सौद्यात दलाल भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात. एक बोट धरलं की एक, सारा पंजा धरला की पाच. त्या झाकलेल्या अंधारात मी माणसं वाचली. गरजेला फुटलेला घाम आणि लबाडीचा गारवा मला स्पर्शानेच कळे. एरंडोलहून अनवाणी आलेला मी, त्या बळावर उभा राहिलो. पण बाजारातल्या कडुनिंबाखाली दलालांचा एक दगडी चौथरा होता, आणि पहिल्याच दिवशी मला त्यावरून उठवलं गेलं. “खाले उभा ऱ्हाय. तुना बाप कोन शे, ते आम्हले माहीत नही.” ते वाक्य मी राखेखालच्या निखाऱ्यासारखं जपलं. एक दिवस त्याच दगडावर मानाने बसायचं, दुसरं दैवत मला नव्हतं.

काशीने एकदाच टोकलं, भाकरी वाढता वाढता. “सारा बजारना हात तुम्ही वळखतस. मना हात कधी धरा का?”

“तुले काय बैल इकना शे?” मी खेकसलो.

ती हसली. तिचं हसू सावरीच्या कापसासारखं होतं. फुंकरून उडवावं, तर अंगालाच चिकटे.

मग एका आषाढात तिचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. अंगणात अशी शांतता पडली की रोजच्या वाटेने येऊनही परक्याच्या दारात उभं असल्यासारखं मला वाटे. ती डोळ्यांनी काही मागत होती, मला उमगेना. संतापून मी तांब्या आपटला. तेव्हा गोधडीखालून तिच्या डाव्या हाताने माझं एक बोट धरलं आणि दाबलं. पाणी. माझ्याच धंद्याची भाषा तिने मला परत शिकवली. दोन बोटं म्हणजे कूस बदला. सारा पंजा म्हणजे जवळ बसा. अर्धा बाजार टाकून मी दुपारी घरी येऊ लागलो. “भाऊ आते बायकोसंगे भाव ठरावतस!” असं म्हणणाऱ्या एकाचं पागोटं मी भर बाजारात उडवलं.

दिवाळीनंतर चौथऱ्यावरचे सर्वांत वडीलधारे, आबा, स्वतः घरी आले. एक जागा रिकामी झाली होती. “भाऊ, येत्या बजारपाईन चौथरावर बठा. पन दिनभर बठनं पडी. दुपारले मधमाच घर पयनं जमाव नही.”

माझा हात गोधडीखालीच होता. काशीने सारं ऐकलं, मूठ उघडली आणि माझा हात बाहेर लोटला. जा. माझी आग तिला माझ्याइतकीच ठाऊक होती. मी तिचा हात पुन्हा धरला, सारा पंजा. तिने सोडवला. मी पुन्हा धरला. उभ्या बाजारात कुणापुढे न नमलेला मी, तिच्यापुढे तर नमणारच नव्हतो. अखेर अर्ध्या ओठांनी हसत तिने बोटं मिटली. आणि माझ्या मनातला तो चौथरा एकाएकी पाटाएवढा लहान झाला.

“आबा, माले बठाले जागा भेटनी,” तिच्याजवळून न हलता मी म्हणालो. “आठेन कोनी उठाडाव नही.”

माघातल्या एका दुपारी तो पंजा सैल पडला.

मी आजही बाजारात चौथऱ्याखालीच उभा राहतो, मुद्दाम, ताठ मानेने. त्या माणसांना मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही. फक्त त्यांच्याकडे पाहायला आता मन रिकामं नसतं. सौद्यात कुणी सारा पंजा दाबतो, तो बिचारा पाच सांगत असतो, आणि मी क्षणभर भाव विसरतो. काळ माणसाला नेतो तो उघड्यावर, सर्वांदेखत; गेलेलं माणूस मात्र परत येतं ते असल्या झाकल्या अंधारात, आणि धरल्या हाताला अजून सांगतं: बसा.