शेंदराखालची खाच

कडावच्या माळावरच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर दोन त्रिशूळ रोवलेले. त्रिशूळबाबा त्यातला एक उपसून कोहळ्यात खुपसायचा, तो आरपार जायचा. मग आरोळी ठोकत गर्रकन वळायचा आणि त्रिशूळ रोग्याच्या पोटावर हाणायचा. रक्त यायचं, बाबा ते फडक्याने पुसायचा, खाली ओरखडाही नसायचा. "बाधा रक्तावाटे गेली," असं तो सांगायचा, की झाले सगळे हात जोडून मोकळे.

मागे खांबाला टेकलेल्या किशोरला तो त्रिशूळ पाठ होता. नाटकांसाठी फसवी हत्यारं बनवणं हा त्याचा धंदा, आणि ही जोडी त्यानेच बनवलेली. एक अस्सल लोखंडी, दुसऱ्याची पाती स्प्रिंगवर दांड्यात शिरणारी, आत लाल रंगाची पिशवी. रूप सारखं, वजनही सारखं. त्या कारागिरीची त्याला केवढी घमेंड होती! नाटकवाला म्हणवणारा एक जण वर्षापूर्वी ती घेऊन गेला होता, ती इथे पोचली होती. आरोळी ठोकत वळताना बाबा अस्सल त्रिशूळ दुसऱ्याशेजारी टाकून न बघता खोटा उचलायचा, हे किशोरने ओळखलं होतं.

आज पाळी त्याच्या पुतणीची, अक्षदाची होती. पोरीला फेफरं यायचं. बाबाच्या शब्दाखातर तिच्या आईने, जनावहिनीने, गोळ्या बंद केल्या होत्या. किशोरने सकाळी परोपरीने समजावलं, पण ती ढिम्म हलली नाही.

"तुमी खोटी हत्यारं करता, भावजी, म्हणून तुमाला समदंच खोटं दिसतं."

खोट्या त्रिशुळाने पोरीला इजा तर होणार नाही, तमाशा आटपला की बोलू, असं ठरवून तो खांबापाशी थांबला होता. अक्षदाला पाटावर निजवलं. बाबाने कोहळा फोडला, गर्रकन वळला आणि अडखळला. मंत्र लांबत चालला. त्याचा अंगठा दांड्यावर खालीवर फिरत होता.

किशोर खांबापासून पुढे सरकला. खोटा त्रिशूळ नटाला न बघता ओळखता यावा म्हणून तो दांड्यावर एक खाच ठेवायचा. बाबा तीच चाचपत होता. आणि आज अमावस्या म्हणून गावच्या बायांनी दोन्ही त्रिशूळ भक्तिभावाने शेंदराने लिंपून वर दोरे गुंडाळले होते. खाच बुजली होती, वळताना हातात कुठला आला ते बाबाला कळेना. एवढ्या लोकांसमोर माघार घेणार कोण? बाबाने डोळे मिटले आणि हात उगारला.

किशोर माणसं तुडवत धावला. त्याने मनगट धरलं.

"आधी सोताच्या पोटावर मार."

बाबा मनगट सोडवायला झटू लागला. किशोरने त्रिशूळ हिसकावून पाटाच्या कडेवर हाणला. लाकूड चिरत तो आत रुतला. अक्षदाच्या बरगडीपासून वीतभर अंतरावर.

किशोरने दुसरा उचलून स्वतःच्या पोटात खुपसला. सदरा लाल झाला. सदरा वर करून त्याने कोरडं पोट दाखवलं, दोरे तोडले, शेंदूर खरवडला आणि जनावहिनीचा अंगठा धरून खाचेवर ठेवला.

"ही माझ्या कानशीची खाच हाय, वयनी. देवाची नाय."

तिने पाटात रुतलेलं पातं पाहिलं आणि खाचेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग पोरीला उचलून थेट टेंपोकडे निघाली, दवाखान्यात. बाबाला लोकांनी पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

किशोर आता अशी जोडी कुणालाही विकत नाही. मात्र खोटा त्रिशूळ घेऊन तो गावोगाव जातो, पोरांच्या हातात देतो, पाती आत-बाहेर करायला लावतो. आणि म्हणतो, "ज्याला हात लावू देत नाहीत, त्याला हात जोडू नका."